जनुकांच्या प्रती आणि भुलीची मात्रा

भूल देणाऱ्या वायूंची ताकद ज्या मापाने मोजली जाते, त्याच्या व्याख्येतच माणसामाणसांतील फरक गृहीत धरलेला आहे. १९६० च्या दशकात एडमंड एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेले हे माप ‘किमान वायुकोशीय प्रमाण’ या नावाने ओळखले जाते. फुप्फुसांतल्या वायुकोशांत वायूचे जे प्रमाण असताना त्वचेला छेद दिला तरी निम्मे रुग्ण हालचाल करत नाहीत, ते त्या वायूचे माप, अशी त्याची व्याख्या आहे. हॅलोथेनसाठी ते सुमारे ०.७५ टक्के आणि आयसोफ्लुरेनसाठी सुमारे १.१५ टक्के भरते. त्याच प्रमाणाला उरलेले निम्मे रुग्ण हालचाल करतात, ही गोष्ट व्याख्येत उघडच सामावलेली आहे. हे प्रमाण सुमारे १.३ पटीने वाढवले की शंभरातील पंच्याण्णव रुग्ण निश्चल राहतात, म्हणजे फरकाचा पट्टा तसा अरुंद आहे. परंतु भूलतज्ज्ञाचे सारे कौशल्य त्या अरुंद पट्ट्यातच पणाला लागते, कारण मात्रा कमी पडली तर शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला जाग येण्याचा धोका असतो आणि ती जास्त झाली तर श्वसन व रक्तदाब दोन्ही खालावतात.

या फरकाची काही कारणे चांगली माहीत आहेत. वय वाढेल तशी लागणारी मात्रा दर दशकाला साधारण सहा टक्क्यांनी घटते, शरीराचे तापमान उतरले की ती कमी लागते आणि गरोदरपणातही ती कमी होते. मात्र एकाच वयाच्या, सारख्याच प्रकृतीच्या दोन माणसांत जो फरक उरतो, त्याचा किती भाग आनुवंशिक आहे हा प्रश्न बराच अवघड आहे. तांबड्या केसांच्या स्त्रियांना डेसफ्लुरेन हा वायू काळ्या केसांच्या स्त्रियांपेक्षा सुमारे १९ टक्के अधिक लागतो, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दिसले आणि केसांचा रंग ठरवणाऱ्या जनुकाकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले. पुढे शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या पाहणीत मात्र असा परिणाम दिसून आला नाही. माणसांवरील अभ्यासाची ही अडचण मुळातच आहे: दोन माणसांत एकाच जनुकाचा फरक असून बाकी सारे सारखे आहे, अशी परिस्थिती सहसा मिळत नाही. ती मुद्दाम घडवून आणता येते अशा प्राण्याकडे वळल्याशिवाय या प्रश्नाला नेमके उत्तर मिळणे कठीण होते, आणि जनुकशास्त्राच्या इतिहासात असा प्राणी पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी फळमाशी हाच ठरला आहे.

आनुवंशिक फरक दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार सर्वपरिचित आहे: जनुक म्हणजे डीएनएच्या रेणूवरील अक्षरांची ओळ आणि त्या ओळीत एखादे अक्षर बदलले की तिच्यावरून घडणारे प्रथिन बदलते. दुसऱ्या प्रकारात अक्षरे जशीच्या तशी राहतात, बदलते ती प्रतींची संख्या. माणसाला काय किंवा माशीला काय, बहुतेक जनुकांची एक प्रत आईकडून व एक बापाकडून अशा दोन प्रती मिळतात. परंतु गुणसूत्राचा एखादा तुकडा गळून पडला तर त्यावरील जनुकांची एकच प्रत उरते आणि तो तुकडा दोनदा नोंदला गेला तर तीन प्रती होतात. याला जनुकांची ‘प्रतिसंख्या’ म्हणतात. निरोगी माणसांतही असे फरक सर्रास आढळतात, हे २००४ साली दोन स्वतंत्र संशोधनगटांनी दाखवले. त्यानंतर २००६ मध्ये निरनिराळ्या वंशगटांतील २७० व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना करून असे १,४४७ प्रदेश नोंदवले गेले व ते मिळून जनुकसंचाचा सुमारे १२ टक्के भाग व्यापतात असे अनुमान मांडले गेले. नंतरच्या अधिक सूक्ष्म पद्धतींनी हा वाटा बराच कमी भरला, तरी एकाही अक्षराची चूक नसलेले जनुक केवळ संख्येच्या बळावर माणसामाणसांत भेद घडवू शकते, ही जाणीव त्यानंतर वैद्यकात कायमची रुजली.

फळमाशीच्या अभ्यासकांना ही गोष्ट त्याआधी सत्तर वर्षे ठाऊक होती. ‘बार’ नावाच्या उत्परिवर्तित माशीचा डोळा गोल न राहता अरुंद पट्टीसारखा होतो, आणि १९३६ साली कॅल्विन ब्रिजेस यांनी, तसेच स्वतंत्रपणे हर्मन मुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या माशीत एक्स गुणसूत्राचा एक छोटा तुकडा लागोपाठ दोनदा आलेला असतो. त्याच्या अकरा वर्षे आधी ॲल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी या माश्यांच्या संयुक्त डोळ्यांतील भिंगे मोजली होती. सामान्य मादीच्या डोळ्यात सरासरी ७७९ भिंगे होती. एका गुणसूत्रावर तुकडा दुप्पट झाला की ती ३५८ वर येत आणि दोन्ही गुणसूत्रांवर दुप्पट झाला की अवघी ६८ उरत. याहून विचार करायला लावणारा आकडा पुढचा आहे. एका गुणसूत्रावर तुकडा तिप्पट आणि दुसऱ्यावर एकदाच असेल, तर एकूण प्रती चारच होतात, दोन्ही बाजूंना दुप्पट असताना होतात तितक्याच; तरी भिंगे ६८ ऐवजी ४५ भरली. प्रती किती आहेत एवढ्यावर सारे ठरत नाही, त्या एकमेकींच्या शेजारी आहेत की वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत यालाही महत्त्व आहे, हा ‘स्थानपरिणाम’ स्टर्टेव्हंट यांनी या आकड्यांतून ओळखला. प्रतिसंख्येवरील आजच्या कोणत्याही प्रयोगाने तो लक्षात ठेवावा इतका तो मूलभूत आहे.

प्रती मोजायच्या तर त्या कोठे आहेत हे दिसायला हवे, आणि येथे माशीच्या अळीने संशोधकांना मोठीच मदत केली. अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे पेशी न विभागता पुन्हा पुन्हा दुप्पट होत जातात, त्यामुळे शेकडो धागे एकत्र चिकटून प्रत्येक गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली गडद-फिकट पट्ट्यांच्या जाड दोरासारखे दिसते. ब्रिजेस यांनी १९३५ साली या पट्ट्यांचा नकाशा तयार केला. त्यात १०२ विभाग असून प्रत्येक विभागाचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा उपविभाग आहेत, आणि अमुक जनुक ‘१२ई’ मध्ये आहे असे आजही त्याच नकाशावरून सांगितले जाते. एका गुणसूत्रावरचा तुकडा गळला असेल, तर जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्राचा तेवढा भाग जोडीदाराविना राहून फुगवट्यासारखा बाहेर डोकावतो. एक प्रत उणी असलेली जागा अशी डोळ्यांनी पाहता येते.

निम्म्या प्रतींवर जगणाऱ्या माशीची काय अवस्था होते, याचे उत्तर प्रथमदर्शनी निराश करणारे आहे: बहुतेक वेळा काहीच होत नाही. १९७२ साली डॅन लिंडस्ली, लॅरी सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुणसूत्रांची मुद्दाम जुळणी करून फळमाशीच्या जनुकसंचाचा बहुतांश भाग तुकड्यातुकड्याने कधी एका प्रतीत, कधी तीन प्रतींत ठेवून पाहिला. मोठा तुकडा गेला तर अनेक लहान उणिवांची बेरीज मारक ठरते, पण लहान तुकड्यांच्या बाबतीत माश्यांनी आश्चर्य वाटावे इतकी सहनशीलता दाखवली. तीन प्रती झाल्या तरी मृत्यू आणि एकच राहिली तरी मृत्यू, असे ठिकाण साऱ्या जनुकसंचात एकच सापडले, ते तिसऱ्या गुणसूत्रावर. या सहनशीलतेचे सर्वांत समाधानकारक स्पष्टीकरण एडिनबरा येथील हेन्रिक कॅसर आणि जेम्स बर्न्स यांनी १९८१ साली दिले. पेशीतील रसायने एकामागून एक अशा अनेक विकरांच्या हातून जातात, आणि शेतात येणाऱ्या पाटाला ओळीने दहा दारे असतील तर त्यांतले एक अर्धे लावल्याने शेवटच्या वाफ्याला पोचणारे पाणी जसे फारसे घटत नाही, तसेच एका विकराचे प्रमाण निम्मे झाल्याने साखळीच्या शेवटी घडणारे द्रव्य फारसे घटत नाही. एक प्रत बिघडली तरी दुसरी निभावून नेते, आणि म्हणून बहुतेक उत्परिवर्तने अप्रभावी असतात.

मात्र हे स्पष्टीकरण साखळीत काम करणाऱ्या विकरांसाठी आहे, आणि शरीरातील सगळीच प्रथिने तशी नसतात. प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमचे घटक ठरावीक प्रमाणात एकत्र यावे लागतात, त्यामुळे त्यांतल्या एकाच्या जनुकाची प्रत कमी झाली तरी माशीची वाढ मंदावते आणि तिच्या अंगावरचे राठ केस बारीक होतात. चेतापेशींच्या पटलावरील आयन-मार्गिकांचेही काम असेच परस्परांच्या प्रमाणावर अवलंबून असते. आयन-मार्गिका म्हणजे पेशीपटलात रोवलेले, मधून वाट असलेले प्रथिन. सोडियमच्या मार्गिका उघडल्या की विद्युतभारित सोडियम आत शिरून चेतासंदेश उमटतो आणि पोटॅशियमच्या मार्गिका उघडल्या की तो संदेश आटोपतो. संदेश किती तीव्र आणि किती लांब चालेल हे या दोहोंच्या तुलनेवर ठरते. विकरांच्या साखळीत जी उणीव झाकली जाते, ती येथे उघडी पडते, आणि भुलीचा प्रश्न नेमका याच प्रदेशातला आहे.

फळमाशी आणि भूल यांचे नाते जनुकशास्त्राच्या आरंभापासूनचे आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत माश्या मोजण्यासाठी, त्यांचे डोळे-पंख तपासण्यासाठी त्यांना ईथरची भूल दिली जाई, आणि कितीतरी दशके जगभरच्या प्रयोगशाळांत तोच शिरस्ता होता. रोज हजारो माश्या बेशुद्ध करणाऱ्या या शास्त्रात भूल हे बराच काळ केवळ साधन होते. ती स्वतः अभ्यासाचा विषय होऊ शकते हे ध्यानात यायला वेळ लागला. ईथरखाली सामान्य माशी निपचित पडते. काही उत्परिवर्तित माश्यांचे पाय मात्र बेशुद्धीतही थरथरत राहतात. विल्यम कॅप्लन आणि विल्यम ट्राउट यांनी १९६९ साली अशा माश्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांतल्या ‘शेकर’ या जनुकाचा छडा पुढे १९८० च्या दशकात लागला, तेव्हा ते पोटॅशियम-मार्गिकेचे जनुक निघाले. ‘ईथर-अ-गो-गो’ हे आणखी एक जनुक त्याच पाहणीतले आहे. त्याचे मानवी भावंड ‘हर्ग’ हृदयाच्या ठोक्याशी निगडित असून नव्या औषधांची सुरक्षितता तपासताना त्याची चाचणी आता अनिवार्य झाली आहे. भूल दिलेल्या माशीच्या थरथरणाऱ्या पायांपासून हृदयरोगाच्या औषधविचारापर्यंत पोचलेला हा मार्ग विज्ञानाच्या इतिहासातील फार मोलाच्या मार्गांपैकी एक आहे.

प्रतिसंख्येचा परिणाम किती थेट असू शकतो, हे याच शेकर माशीवर सर्वांत स्पष्टपणे दिसले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील बॅरी गॅनेट्स्की यांच्या प्रयोगशाळेने १९८९ साली ‘पॅरा’ हे जनुक सोडियम-मार्गिकेचे असल्याचे सिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी मायकेल स्टर्न, रॉबर्ट क्रेबर व गॅनेट्स्की यांनी पॅराच्या प्रती कमी-अधिक करून माश्यांच्या वागणुकीत आणि चेतातंतूंत काय बदलते ते तपासले. शेकरच्या दोषामुळे चेतासंदेश वेळेवर आटोपत नाही. अशा माशीत पॅराची एक प्रत कमी केली की संदेश सुरू करणारी बाजूच दुबळी होते आणि दोष सौम्य होतो. पॅराची प्रत वाढवली की तोच दोष अधिक तीव्र होतो. येथे पॅराच्या एकाही अक्षरात बदल केलेला नव्हता. निर्दोष जनुकाची प्रत तेवढी काढली किंवा घातली, आणि त्याबरोबर चेतासंस्थेचे वर्तन दोन्ही दिशांना सरकले. जनुकमात्रेची कल्पना इतक्या निखळ रूपात दाखवणारे प्रयोग फार थोडे आहेत.

याच अभ्यासाला आणखी एक धागा जोडलेला होता. ‘नॅप’ नावाच्या उत्परिवर्तनाने माशी तापमान वाढले की लुळी पडते, कारण तिच्या चेतातंतूंतून संदेश जाईनासा होतो. नॅपचा दोष असताना पॅराची मात्रा घटली तर माशी कोणत्याही तापमानाला जगत नाही, आणि वाढली तर नॅपचा दोष झाकला जातो. नॅप स्वतः काय आहे याचे उत्तर १९९१ साली मिळाले आणि त्याने अभ्यासकांना चकित केले, कारण ते मार्गिकेचे जनुक नव्हतेच. फळमाशीच्या मादीला दोन एक्स गुणसूत्रे असतात व नराला एक. म्हणजे एक्सवरील प्रत्येक जनुकाच्या प्रती नरात मुळातच निम्म्या असतात, आणि ही तूट भरून काढण्यासाठी नराच्या पेशी त्या एकाच गुणसूत्राकडून जवळजवळ दुप्पट काम करून घेतात. मुलर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी या व्यवस्थेला ‘मात्रापूर्ती’ या अर्थाचे नाव दिले होते. नॅप हे मात्रापूर्ती घडवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाच्या जनुकाचेच बदललेले रूप निघाले. नॅपचा परिणाम मात्र मात्रापूर्ती चुकल्याने नव्हे, तर पॅराच्या संदेश-आरएनएची काटछाट बिघडल्याने होतो, हे २००० साली दाखवले गेले. तरीही मोठी गोष्ट कायम राहते: निम्म्या प्रतींची उणीव भरून काढण्याची स्वतंत्र यंत्रणा उत्क्रांतीने घडवली, यावरून निदान संपूर्ण गुणसूत्राच्या पातळीवर तरी ती उणीव प्राण्याला परवडत नाही हे कळते.

भुलीच्या वायूंना कमी-अधिक प्रतिसाद देणाऱ्या माश्यांचा पद्धतशीर शोध मात्र वेगळ्या वाटेने सुरू झाला, आणि त्या वाटेवर मुंबईचा मोठा वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६० च्या दशकात रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला आणि पुढे तेथे फळमाशीच्या चेतासंस्थेचा जनुकीय अभ्यास रुजवला. त्याच परंपरेतील के. एस. कृष्णन यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या हॉवर्ड नॅश यांच्याबरोबर हा शोध हाती घेतला. नॅश यांची ख्याती तोवर लॅम्डा या विषाणूचा डीएनए जीवाणूच्या गुणसूत्रात कसा शिरतो या संशोधनासाठी होती, आणि भुलीच्या गूढाकडे वळताना त्यांनी नेमक्या मोजणीची तीच शिस्त बरोबर आणली. १९९० साली कृष्णन आणि नॅश यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात हॅलोथेनला दाद न देणाऱ्या अनेक उत्परिवर्तित माश्या वर्णन केल्या. त्यांना शोधण्यासाठी वापरलेले साधन म्हणजे आत जाळीच्या तिरप्या फळ्या बसवलेला, माणसाच्या छातीइतका उंच नळा. त्यात हॅलोथेनची वाफ फिरवत ठेवायची आणि वरून माश्या सोडायच्या. तोल सावरणारी माशी फळ्यांना धरून राहते, गुंगी आलेली माशी एकेक फळी सोडत खाली येते, आणि तळाशी पोचायला लागलेला वेळ तिची सहनशीलता सांगतो. मद्याचा परिणाम मोजण्यासाठी बनवलेले हे यंत्र भुलीसाठीही तितकेच उपयोगी ठरले. पुढे २००० साली कृष्णन यांच्या गटाने एक्स सोडून इतर गुणसूत्रांवरची, हॅलोथेनला प्रतिकार देणारी उत्परिवर्तनेही नोंदवली.

एक्स गुणसूत्रावरील अशा उत्परिवर्तनांचे नेमके ठिकाण शोधताना प्रतिसंख्या हेच मोजमापाचे साधन झाले. ज्या मादीच्या एका एक्सवर उत्परिवर्तन आहे आणि दुसऱ्या एक्सवरून ठरावीक तुकडा गळलेला आहे, ती घ्यायची. गळलेल्या तुकड्यात ते जनुक असेल तर तिच्याजवळ निर्दोष प्रत उरतच नाही आणि दोष प्रकट होतो, नसेल तर दुसरी प्रत निभावून नेते व माशी सामान्यासारखी वागते. एकमेकांवर थोडे थोडे चढणारे अनेक तुकडे वापरून जागा अरुंद करत नेली जाते. या पद्धतीने शोध १२ई या उपविभागापर्यंत आला, आणि तेथे ‘नॅरो ॲब्डोमेन’ हे जनुक हाती लागले. पोट अरुंद असलेल्या माश्यांमुळे या जनुकाला फार पूर्वीच नाव मिळाले होते, पण ते आयन-मार्गिकेच्या एका आगळ्या कुळातले आहे हे आता कळले. त्याच्या बिघाडाने माशीच्या दिवसरात्रीच्या हालचालींची लयही बिघडते, असे रवी अल्लाडा व नॅश यांच्या गटांनी २००२ साली आणि त्यानंतर दाखवले. भूल आणि झोप-जागेपण यांत एकाच मार्गिकेचा सहभाग असावा, हा शोध पुढच्या संशोधनाला फार मोठी दिशा देणारा आहे.

येथपर्यंत गळलेला तुकडा हे केवळ साधन होते. नॅश यांच्या प्रयोगशाळेने २००९ साली ‘ॲनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तोच तुकडा मुख्य प्रश्न झाला. उत्परिवर्तन अजिबात नाही, फक्त एक प्रत कमी आहे, एवढ्याने भुलीचा प्रतिसाद बदलतो का, असा तो प्रश्न होता. तो विचारणे शक्य झाले याचे श्रेय २००४ च्या सुमारास तयार झालेल्या माश्यांच्या नव्या संग्रहांना द्यावे लागेल. जुने तुकडे क्ष-किरणांनी कसेही तुटलेले असत आणि त्यांच्या कडा नक्की ठाऊक नसत. नव्या संग्रहांत यीस्टमधून घेतलेले एक विकर गुणसूत्रावर पेरलेल्या दोन खुणांमधला भाग नेमका कापून काढते, त्यामुळे कोणती जनुके गेली हे अक्षरापर्यंत सांगता येते. इंडियाना विद्यापीठातील ब्लूमिंग्टनच्या साठ्यातून अशा माश्या जगभर पाठवल्या जातात. एकेक तुकडा गळलेल्या माश्या वायूच्या निरनिराळ्या प्रमाणांत ठेवायच्या, किती टक्के माश्या प्रतिसाद देतात हे मोजून आलेख काढायचा, आणि निम्म्या माश्या गुंगीत जातात ते प्रमाण सामान्य माश्यांच्या तुलनेत डावीकडे सरकले की उजवीकडे ते पाहायचे, असे या प्रकारच्या चाचणीचे स्वरूप असते. काही तुकड्यांच्या बाबतीत केवळ एक प्रत कमी असण्यानेही प्रतिसाद सरकतो असे दिसून आले, म्हणजे भुलीच्या बाबतीत प्रतिसंख्या दुर्लक्षण्याजोगी नाही.

अशा प्रयोगात खरी कसोटी लागते ती तुलनेच्या प्रामाणिकपणाची, आणि तिच्यावर येथे थोडे थांबणे योग्य होईल. भुलीचा आलेख अतिशय उभा असतो, वायूचे प्रमाण किंचित वाढले तरी प्रतिसाद झपाट्याने बदलतो. त्यामुळे वाफेच्या मिश्रणातील अल्पशी चूकही जनुकाचा परिणाम म्हणून खपून जाऊ शकते, आणि म्हणून चाचणीची माशी व तुलनेची माशी एकाच वेळी, एकाच वाफेत ठेवावी लागते. त्याहून अवघड गोष्ट जनुकीय पार्श्वभूमीची आहे. गळलेला तुकडा ओळखता यावा म्हणून त्या गुणसूत्रावर डोळ्यांना रंग देणाऱ्या ‘व्हाइट’ या जनुकाची छोटी आवृत्ती खूण म्हणून बसवलेली असते. हे जनुक केवळ डोळ्यांच्या रंगापुरते आहे असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु व्हाइट आणि ‘ब्राउन’ या दोन्ही रंगजनुकांतील बदलांनी भुलीच्या वायूंचा प्रतिसाद बदलतो, हे कॅम्पबेल आणि नॅश यांनी २००१ साली दाखवले. ही जनुके पेशीपटलातून लहान रेणूंची ने-आण करणारी प्रथिने बनवतात आणि मेंदूतही त्यांना काम आहे. म्हणजे ज्या खुणेवर विसंबून तुकडा ओळखायचा, ती खूणच मोजणीत ढवळाढवळ करू शकते. तुलनेच्या माशीतही तीच खूण तितक्याच प्रतींत ठेवली नाही, तर निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

निष्कर्ष काढताना आणखीही सावधगिरी लागते. एका तुकड्याबरोबर बहुधा अनेक जनुके जातात, त्यामुळे परिणाम कोणाचा हे कळण्यासाठी त्याच भागातले लहान तुकडे तपासावे लागतात, नाहीतर संशयित जनुकाची एक प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर बसवून प्रतिसाद पूर्ववत होतो का ते पाहावे लागते. तीही प्रत नव्या जागी नेमकी तेवढेच काम करेल याची खात्री नसते, कारण स्टर्टेव्हंट यांनी भिंगांत पाहिलेला स्थानपरिणाम येथेही लागू आहे. शिवाय एका तुकड्यातील दोन जनुकांचे परिणाम परस्परविरुद्ध असले तर ते एकमेकांना झाकतात आणि आलेख जागचा हलत नाही. म्हणून आलेख हलला नाही याचा अर्थ त्या भागात भुलीशी संबंधित जनुक नाही असा घेता येत नाही.

जनुकाच्या प्रती आणि पेशीतील प्रथिन यांच्यामधले अंतर किती असू शकते, हे २००७ साली ‘करंट बायॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुंदर अभ्यासाने दाखवले. सूत्रकृमीत ‘अनसी-७९’ या जनुकाच्या बिघाडाने हॅलोथेनचा प्रतिसाद खूप बदलतो पण एनफ्लुरेनचा त्यामानाने थोडाच, आणि माशीतील नॅरो ॲब्डोमेनच्या बिघाडानेही नेमके असेच घडते. फिलिप मॉर्गन व मार्गारेट सेडेन्स्की यांच्या सूत्रकृमीवरील गटाने आणि नॅश यांच्या गटाने मिळून दोन्ही प्राण्यांत दुसऱ्या प्राण्याचे समतुल्य जनुक शोधून ते बिघडवले, तेव्हा कृमीत मार्गिकेच्या बिघाडाने अनसी-७९ सारखी लक्षणे दिसली आणि माशीत अनसी-७९ च्या बिघाडाने नॅरो ॲब्डोमेनसारखी. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन प्राण्यांत तीच जोडी तेच काम करत होती. याहून महत्त्वाचे म्हणजे अनसी-७९ कुळातील प्रथिने मार्गिकेच्या प्रथिनाचे प्रमाण राखतात आणि हे नियंत्रण जनुक वाचले गेल्यानंतरच्या टप्प्यावर होते, असे दिसले. मार्गिकेच्या जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत असूनही सहकारी प्रथिन नसेल तर मार्गिका टिकत नाही. प्रती मोजून मात्रेचा अंदाज बांधणाऱ्याने ही गोष्ट दृष्टिआड करता कामा नये: जोडीने काम करणाऱ्या प्रथिनांत एकाची प्रत वाढवून उपयोग होईलच असे नाही, आणि एकाची घटवल्याने दुसऱ्याचेही प्रमाण ढासळू शकते.

या मार्गिकेचे मानवी रूप मेंदूत सर्वदूर आढळते आणि तिच्याबरोबर अनसी-७९ चे मानवी भावंडही असते. तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बालकांत स्नायूंचा शिथिलपणा आणि वाढीतील गंभीर अडचणी दिसतात. एकच प्रत असलेल्या, एरवी निरोगी माणसाला भुलीचा वायू किती लागेल, याचे उत्तर माशीवरून सरळ काढता येणार नाही, आणि त्याचे एक कारण खुद्द माशीनेच दाखवून दिले आहे. नॅरो ॲब्डोमेनचा परिणाम हॅलोथेनवर जितका होतो तितका एनफ्लुरेनवर होत नाही, आणि मुख्यतः ज्या हॅलोथेनवर हा सारा अभ्यास उभा राहिला तो वायू आज अनेक देशांत मागे पडून त्याची जागा आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन व डेसफ्लुरेन यांनी घेतली आहे. म्हणून तुकडे गळलेल्या त्याच माश्या या नव्या वायूंतही एकेक करून तपासल्या जायला हव्यात. सगळे वायू एकाच मार्गाने काम करत असते तर एका वायूवरची पाहणी पुरली असती. ते तसे करत नाहीत हे एकदा सिद्ध झाल्यावर प्रत्येक वायूसाठी जनुकमात्रेचा नकाशा स्वतंत्रपणेच काढावा लागतो.